गाडीची पाठराखण

दौलताबादचा किल्ला ज्या श्रोत्यांनी पाहिला असेल, त्यांच्या स्मरणात तेथील दरवाजांवरचे लोखंडी खिळे निश्चित राहिले असतील. जाड लाकडी फळ्यांवर बाहेरच्या अंगाने ठोकलेले ते अणकुचीदार सुळे शोभेसाठी बसविलेले नाहीत. शत्रूने दारावर हत्ती घातला तर ते त्याच्या गंडस्थळात रुतावेत आणि धडक देणाऱ्यालाच धडकेची शिक्षा मिळावी, एवढ्याचसाठी त्यांची योजना झाली. लोखंडाने रक्षण कसे करावे या प्रश्नाला दिलेले हे एक जुने उत्तर होय. आघात ज्याने केला, त्याच्याच अंगी तो परतवून द्यावा, हे त्या उत्तराचे सार.

या किल्ल्यापासून अवघ्या काही कोसांवर असलेल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, आज लोखंडाचे निराळ्याच प्रकारचे एक रक्षणकार्य चालू असते. वेल्डिंगच्या एखाद्या लहानशा दुकानापुढे शेतमाल वाहणारी पिकअप गाडी उभी असते. तिचा कारखान्यातून आलेला मागचा बंपर सोडवून भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. आणि मालकाच्या मनाजोगता, जाड पत्र्याचा, ओढण्याचे आकडे असलेला नवा बंपर कारागीर बेतीत असतो. रस्त्याने जाणाऱ्यास ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. तथापि वाहनाची पाठ कशाने राखावी हा प्रश्न चाकाइतकाच जुना आहे, आणि त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. आघात तर व्हायचाच. मग तो जातो कोठे? या दुसऱ्या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी जी उत्तरे दिली, तोच या लहानशा वस्तूचा इतिहास होय.

मराठवाड्याच्या काळ्या मातीत शतकानुशतके चाललेले वाहन म्हणजे बैलगाडी. तिला बंपर नव्हता, कारण तिला त्याची गरजच नव्हती. बैलांची चाल ती काय, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीची चालही तितकीच! टक्कर झालीच तर बाभळीचे लाकूड थोडे करकरे, दोरखंडाचे बंध थोडे सैल होत, आणि आघात तेथेच जिरून जाई. खरा मार असे तो चाकांना. यास्तव गावच्या लोहाराचे कसब गाडीच्या पाठीपेक्षा तिच्या चाकांवर अधिक खर्ची पडे. सुताराने तुंबा, आरे आणि पाटे जुळवून चाक उभे केले की लोहार त्यावर लोखंडी धाव चढवी. ही धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दामच किंचित लहान केलेली असे. गोवऱ्यांच्या जाळात तापून ती फुगली म्हणजे चिमट्यांनी उचलून चाकावर बसवावयाची आणि लगेच वर पाणी ओतावयाचे. लोखंड आकसे, आणि सारे चाक मुठीत धरल्यासारखे आवळले जाई. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे पुस्तकात न वाचताही त्या कारागिराने ते हातात बाळगले होते. बदल्यात त्याला सुगीच्या वेळी बलुत्याचे धान्य मिळे. गाडी मोडली तर ती त्याच्याच दारी परत येणार, हे त्याला ठाऊक असे. आणि कामातील प्रामाणिकपणाला याहून मोठा पहारेकरी कोणता असावयाचा?

यंत्राने ओढल्या जाणाऱ्या वाहनाची पाठ या शहराने पाहिली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. मनमाडहून औरंगाबादमार्गे सिकंदराबादकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास येथे सुरू झाली. तो मीटरमापी मार्ग होता. रुंदमापी डब्यांना दोन्ही बाजूंस एकेक असे दोन बफर असत. मीटरमापी डब्याला मधोमध एकच बफर असे आणि जोडणीचा आकडाही त्यातच गुंफलेला असे. एकाच अवयवाने ढकलणेही सोसावयाचे आणि ओढणेही. त्यामागे स्प्रिंग असे. डब्यावर डबा आदळला म्हणजे ती स्प्रिंग दबे, आघात पोटात घेई आणि सावकाश परत देई. दौलताबादच्या दाराने जे साधले नव्हते ते येथे साधले. या रचनेत दोन्ही पक्ष सुखरूप राहत.

मोटारीला मात्र ही अक्कल उशिरा आली. अगदी आरंभीच्या मोटारींना बंपर नसेच. इंग्लंडातील फ्रेडरिक सिम्स या उद्योजकाने १९०५ च्या सुमारास आपल्या सिम्स-वेलबेक मोटारीला हवेने भरलेल्या रबराचे बंपर लावून पाहिले. पुढे पोलादी पट्ट्यांचे आणि मग चकचकीत मुलाम्याचे बंपर आले. ते मोटारीचे रक्षण किती करीत आणि मोटारीला सजवीत किती, हा वादाचा विषय होता. निजामाच्या राज्यात सार्वजनिक मोटारवाहतूक सुरू झाली ती राज्याच्या रेल्वेखात्याकडूनच. १५ जून १९३२ रोजी २७ बसगाड्यांनिशी तिचा आरंभ झाला, आणि आगगाडी जेथे पोहोचत नव्हती तेथे रबरी चाक पोहोचू लागले.

तथापि आडवाटेला जाण्यासाठीच जन्मलेले वाहन म्हणजे जीप. १९४१ पासून महायुद्ध संपेपर्यंत अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. या गाडीची पाठ मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तिला मागे सलग बंपर नव्हताच. दोन कोपऱ्यांना दोन आखूड अर्धबंपर, मधोमध तोफ किंवा जोडगाडी ओढण्याचा भक्कम आकडा, एका बाजूला जादा चाक आणि दुसऱ्या बाजूला इंधनाचा डबा, एवढाच तिचा संसार. शोभेचा लवलेश नाही. प्रत्येक लोखंडी तुकड्याला काही ना काही काम नेमून दिलेले. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत भारतीय सैन्य मराठवाड्यात शिरले, तेव्हा त्याच्या वाहनांत या जीपगाड्याही होत्या. त्याच सुमारास मुंबईत महिंद्र आणि महिंद्र या कंपनीने सुटे भाग आणवून त्यांची जुळणी सुरू केली. १९४९ मध्ये माझगाव येथील कारखान्यातून जुळविलेल्या जीप बाहेर पडू लागल्या. आज शेतकऱ्याच्या दारात दिसणारी बोलेरो आणि तिची पिकअप ही त्याच घराण्याची पुढची पिढी होय.

दुसरीकडे बनलेला सांगाडा आणून त्यावर आपल्या रस्त्याला साजेल असे अंग चढविण्याची कला औरंगाबादेने पुढे मोठ्या प्रमाणावर आत्मसात केली. चिकलठाणा येथील राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा हे तिचे विद्यापीठच म्हणावे लागेल. मोठ्या कंपन्यांकडून आलेल्या चाकांवरच्या उघड्या सांगाड्यावर येथे एसटीचा पत्र्याचा देह उभा राही. टपावर सामान चढविण्याची मागची शिडी कित्येक पिढ्यांच्या स्मरणात आहे. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे पसरले. चालू शतकाच्या आरंभी शेंद्रा येथे स्कोडा मोटारींची जुळणीही होऊ लागली. या कारखान्यांनी माल तर दिलाच, पण आजूबाजूच्या खेड्यांतील हजारो तरुणांच्या हाताला मापाची आणि जोडकामाची सवय लावली. पूर्वी लोहाराचे कसब बापाकडून मुलाकडे जात असे. आता ते कारखान्याच्या पाळीतून शिकून रस्त्याकडेच्या दुकानात येऊ लागले.

मग कारखान्यातून पूर्ण होऊन आलेल्या गाडीला नवी पाठ हवी तरी कशाला? याचे उत्तर वाटेत आहे. कन्नड, सिल्लोड, फुलंब्री, खुलताबाद या तालुक्यांतून आले, मका, कापूस घेऊन निघालेली गाडी जाधववाडीच्या बाजारात पोहोचते खरी. पण डांबरी सडकेला लागण्यापूर्वी तिला शेतातील चाकोरी तुडवावी लागते, नाला उतरून पुन्हा चढावा लागतो आणि पावसाळ्यात काळ्या मातीशी झुंजावे लागते. ही माती भिजली म्हणजे चाकाला धरून ठेवते. अशा वेळी दुसऱ्या गाडीने किंवा ट्रॅक्टरने मागे ओढून काढावयाचे तर दोर बांधण्यास भक्कम जागा हवी. माल चढविणाऱ्यास पाय देण्यास पायरी हवी. नाल्याच्या काठावर गाडीची शेपटी आदळली तर दिवे फुटू नयेत, ही चिंता आहेच. कारखान्याचा बंपर सडकेसाठी केलेला असतो. मालकाला तो शेतवाटेसाठी हवा असतो.

असा बंपर करणे वाटते तितके सोपे नाही. जाणता कारागीर आधी लोखंडाला हातच लावीत नाही. तो पुठ्ठा कापून नमुना करतो, गाडीच्या मागे धरून पाहतो, दिवे व नंबराची पाटी झाकली जात नाही ना हे तपासतो, आणि मगच पत्र्यावर रेघ ओढतो. पहिला मोह असतो जाडीचा. जितके लोखंड अधिक तितकी बळकटी अधिक, असे मालकाला वाटते. येथे थोडा हिशेब उपयोगी पडतो. दीड मीटर लांबीचा आणि चारी बाजूंनी दहा सेंटिमीटर असलेला भरीव पोलादी दांडा घेतला तर त्याचे वजन सुमारे ११८ किलो भरेल. त्याच मापाची, पाच मिलिमीटर पत्र्याची पोकळ पेटी केली तर ती साडेबावीस किलोंच्या आसपास बसते. वाकण्यास विरोध करण्याचे बहुतेक काम कडेचे लोखंड करीत असते. पोटातले लोखंड केवळ ओझे होते. बांबू पोकळ असूनही का टिकतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगावयास नको.

आणि हे ओझे मागच्या आसाच्याही पलीकडे लोंबते, हे विसरता येत नाही. गाडीच्या दोन आसांत तीन मीटर अंतर असेल आणि मागच्या आसापासून १२० सेंटिमीटर मागे ५० किलोंचे लोखंड टांगले असेल, तर मागच्या आसावर ५० ऐवजी ७० किलो भार वाढतो आणि पुढची चाके २० किलोंनी हलकी होतात. हा तराजूचा न्याय आहे. घाटात माल भरलेली गाडी चढत असता पुढची चाके हलकी होणे म्हणजे सुकाणूची पकड सैल होणे. म्हणजे पाठ राखण्यासाठी लावलेले लोखंड गाडीचे डोके हलके करू शकते.

नंतरचा प्रश्न जोडाचा. पूर्वी लोखंडाला लोखंड जोडावयाचे ते भट्टीत तापवून ठोकून किंवा रिव्हेट मारून. विजेच्या ठिणगीने धातू वितळवून सांधण्याची युक्ती १८८० नंतरच्या दशकात रशियात बेनार्डोस आणि स्लाव्ह्यानोव्ह यांनी सिद्ध केली. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग याने १९०४ नंतर लेप दिलेली जोडकांडी व्यवहारात आणली आणि ही विद्या जगभर पसरली. संभाजीनगरच्या दुकानातील कारागीर आज तिच्याच वंशजाने काम करतो. प्रथम तो जागोजाग नुसते टाके घालतो. दोन्ही कर्ण मोजून चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहतो. आणि मग एका टोकाला थोडे, दुसऱ्या टोकाला थोडे असे जोडत जातो. एकाच बाजूने सलग जोडत गेले तर थंड होताना लोखंड ओढ घेते आणि सरळ दांडा धनुष्यासारखा वाकतो. लोहाराच्या धावेला उपकारक ठरलेले तेच आकसणे येथे अपकारक ठरते! पेटीच्या तळाशी तो एक भोकही ठेवतो, कारण आत साचलेले पाणी बाहेर न दिसता सारा पत्रा खाऊन टाकते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जोडावयाचा असल्यास तो मुलामा आधी घासून काढावा लागतो. त्याचा धूर छातीत गेला तर ताप भरतो.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची खूण अशी, की चांगला कारागीर बंपर गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंग करीत नाही. तो बोल्टांनी बसवितो. जोडाच्या उष्णतेने सांगाड्याच्या पोलादाचा स्वभाव त्या जागी बदलतो, आणि रोजच्या हादऱ्यांनी पुढे तेथूनच चीर पडते. ओढण्याचा आकडाही तो बंपरच्या पत्र्यावर नुसता चिकटवीत नाही. त्याचा ताण जाड पट्टीमार्फत थेट सांगाड्यापर्यंत नेतो. रुतलेली गाडी ओढताना आकडा निसटला तर तो दोरासकट तोफेच्या गोळ्यासारखा उडतो, आणि त्याच्या वाटेत बहुधा मदतीला आलेला माणूसच उभा असतो.

येथवरचा विचार गाडीच्या मालकाचा झाला. मागून येणाऱ्याचा विचार येथून पुढे सुरू होतो, आणि खरी अडचणही येथेच आहे. नाला चढून जाण्यासाठी शेपटी उंच हवी. मागच्या चाकापासून एक मीटर मागे बंपरची खालची कड जमिनीपासून ६० सेंटिमीटरांवर असेल तर सुमारे ३१ अंशांचा चढ न घासता उतरता-चढता येतो; तीच कड ४५ सेंटिमीटरांवर आणली तर २४ अंशांवरच शेपटी टेकते. म्हणून शेतवाटेचा माणूस म्हणतो, बंपर वर घ्या. पण सडकेवर मागून येणारी लहान मोटार ठेंगणी असते. उंच बंपर तिच्या नाकावरून सरळ काचेपर्यंत पोहोचतो. १९६७ च्या जून महिन्यात अमेरिकन नटी जेन मॅन्सफील्ड हिची मोटार एका मालमोटारीच्या मागील बाजूखाली घुसली आणि पुढे बसलेली तिन्ही प्रौढ माणसे जागच्या जागी मरण पावली. तेव्हापासून मालगाड्यांच्या मागे लावावयाच्या आडव्या दांड्याची तेथे मोठी चर्चा झाली. तथापि दांड्याची उंची जमिनीपासून २२ इंचांच्या, म्हणजे ५६ सेंटिमीटरांच्या आत असावी असा नियम नव्या जोडगाड्यांना लागू होण्यास १९९८ साल उजाडावे लागले. नाल्याचा न्याय एक, सडकेचा न्याय दुसरा. आणि गाडी एकच!

कठीणपणाविषयीही तेच. जर्मनीत मर्सिडीझ-बेंझ कंपनीतील अभियंता बेला बारेन्यी याने १९५० नंतर एक उलटाच विचार मांडला. मोटारीचा मधला भाग ताठ असावा, पण पुढची आणि मागची बाजू मुद्दाम चुरडणारी असावी. त्या चुरडण्यातच आघात खर्ची पडावा, म्हणजे तो माणसांपर्यंत पोहोचणार नाही. १९५९ पासून अशा मोटारी विक्रीस आल्या. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते, म्हणून ती जिरविण्यास जागा हवी. जो बंपर मुळीच वाकत नाही तो आघात जिरवीत नाही, केवळ पुढे पाठवितो. त्यातील काही वाटा सांगाड्यातून चालकाच्या मानेपर्यंत जातो आणि उरलेला मागच्या माणसाकडे परततो. मराठवाड्याच्या रस्त्यांवर हा मागचा माणूस बहुधा दुचाकीवर असतो. त्याच्याभोवती पत्राही नसतो. बंपरचे टोकदार कोपरे त्याच्या गुडघ्याच्या किंवा छातीच्या पातळीवर येतात. दौलताबादच्या दारावरील सुळे शत्रूच्या हत्तीसाठी होते. येथे तेच काम न कळत आपल्याच गावच्या माणसावर होते.

कायद्याने या गोष्टीची दखल घेतली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते, की निर्मात्याने ठरविलेल्या व नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. डिसेंबर १९१७ नव्हे, अगदी अलीकडे, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने याच कलमाच्या आधारे गाड्यांना लावलेल्या लोखंडी क्रॅश गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळविले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. म्हणून पुठ्ठा कापण्यापूर्वी मालकाने प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन आपणास काय करता येईल हे विचारून घेणे शहाणपणाचे ठरते.

मग घरच्या कारागिरीला जागाच उरली नाही की काय? सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, येथील एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थाने भंगारातून लहानशी चारचाकी घडविली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले. ही गाडी नियमांत बसणारी नाही हे त्यांनी त्याच वेळी स्पष्ट सांगितले. आणि पुढच्या महिन्यात ती आपल्याकडे घेऊन त्या कुटुंबाला नवी बोलेरो दिली. त्या देवघेवीत कसबाचा मानही राहिला आणि रस्त्यावरील इतरांच्या जिवाचाही. कारागिराचे बोट धरूनच कायद्याला चालावे लागते आणि कायद्याकडे पाहूनच कारागिराला हात चालवावा लागतो, हे त्या प्रसंगाने दाखविले.

गावच्या जुन्या लोहाराला आपल्या गिऱ्हाइकाचा चेहरा ठाऊक असे. आजच्या दुकानातील कारागिराची दोन गिऱ्हाइके असतात. एक समोर उभे राहून पैसे देते. दुसरे एखाद्या अंधाऱ्या रात्री पैठणच्या किंवा सिल्लोडच्या रस्त्याने मागून येणार असते, आणि त्याचा चेहरा कोणालाच ठाऊक नसतो. जो बंपर सांगाड्याला नीट बोल्टांनी बसला आहे, ज्याचे कोपरे गोल आहेत, ज्याच्यावर परावर्तक पट्टी चमकते आहे, जो बेताचा जड आणि बेताचा उंच आहे, आणि प्रसंगी स्वतः वाकून आघात पोटात घेतो, तो या दोघांचीही पाठ राखतो. दौलताबादच्या दाराला एकाच बाजूच्या माणसांचे रक्षण करावयाचे होते. रस्त्याला आतली आणि बाहेरची अशी बाजू नसते.